नसलेल्या जगाची वजाबाकी

अमेरिकेच्या अर्थखात्याने, म्हणजे तिथल्या ट्रेझरीने, जानेवारी २०२२ मध्ये एक नियमावली जाहीर केली. कोविडमधून सावरण्यासाठी केंद्राने शहरांना, काउंट्यांना आणि लहान गावांना दिलेला पैसा कशावर खर्च करता येईल, हे तीत सांगितलं आहे. शेकडो पानांच्या त्या रुक्ष मजकुरात मध्येच एक हिशेब येतो आणि तिथे मी दर वेळी रेंगाळतो. शहराने महासाथीआधीच्या शेवटच्या पूर्ण आर्थिक वर्षाचा महसूल घ्यायचा. तो तिथून पुढे दर वर्षी ५.२ टक्क्यांनी वाढत गेला असता असं धरायचं. आधीच्या तीन वर्षांत त्या शहराचा महसूल याहून वेगाने वाढला असेल, तर तो वेग धरायचा. मग या धरून चाललेल्या आकड्यातून प्रत्यक्ष तिजोरीत आलेला आकडा वजा करायचा. उरेल ते शहराचं बुडालेलं उत्पन्न.

महासाथ आलीच नसती, तर गावात काय झालं असतं? कथाकाराने विचारावा असा हा प्रश्न इथे कारकुनाला विचारला आहे, आणि त्याचं उत्तर दशांश चिन्हासकट मागितलं आहे. तेही एकदा नाही. २०२०, २०२१, २०२२ आणि २०२३ अशा चार वर्षांसाठी. गंमत अशी की, उत्पन्न घटलंच पाहिजे असंही नाही. एखाद्या गावाचं उत्पन्न तीन टक्क्यांनी वाढलं असलं, तरी नियमाच्या लेखी ते बुडालेलंच, कारण त्या न घडलेल्या जगात ते ५.२ टक्क्यांनी वाढत होतं.

सरकारी परिपत्रक चवीने वाचणाऱ्याकडे लोक जरा संशयाने बघतात. बघोत. या निधीचा कायदा, त्याची नियमावली आणि हजारो स्थानिक संस्थांनी भरून दिलेल्या प्रकल्पांच्या याद्या हे तिन्ही शेजारी ठेवून वाचलं, तर त्यात हेतू आहे, रचना आहे, पळवाटा आहेत, आणि काही ठिकाणी खरोखर दाद द्यावी अशी कारागिरी आहे. माझ्यापुरता तिचा कस एकच. हा पैसा एकदाच येणार होता. एकदाच आलेला पैसा एकदाच आलेला आहे हे ओळखून कोणी खर्च केला, आणि कोणी तो कायमच राहणार असल्यासारखा वापरला, हे यादीच्या ओळीओळीत दिसतं.

आधी मूळ संहिता. जो बायडन यांनी ११ मार्च २०२१ रोजी अमेरिकन रेस्क्यू प्लॅन या कायद्यावर सही केली. एकूण आकार १.९ लाख कोटी डॉलर. त्यातले ३५,००० कोटी डॉलर खालच्या सरकारांसाठी होते: राज्यांना १९,५३० कोटी, काउंट्यांना ६,५१० कोटी, मोठ्या शहरांना ४,५५७ कोटी, लहान गावांना १,९५३ कोटी, मूलनिवासी जमातींच्या शासनांना २,००० कोटी आणि उरलेले प्वेर्तो रिको, ग्वामसारख्या प्रदेशांना. वर्षभर आधीच्या, मार्च २०२०च्या केअर्स कायद्यातही १५,००० कोटी होते, पण तेव्हा पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहराला वॉशिंग्टनकडून थेट काही मिळालं नव्हतं. या वेळी काही शे वस्तीच्या गावाचंही नाव यादीत आलं. गावांचा पैसा राज्यामार्फत गेला, पण राज्याने तो तीस दिवसांत पुढे पाठवायचा आणि वर आपल्या अटी लादायच्या नाहीत, अशी तजवीज होती. निक्सन यांच्या काळात, १९७२ मध्ये, केंद्राचा महसूल खाली वाटण्याची एक योजना सुरू झाली होती. ती १९८६ मध्ये बंद पडली. त्यानंतर इतक्या मोकळ्या हाताने दिलेला पैसा अमेरिकेच्या गावांनी पाहिला नव्हता.

खर्चाला चार दारं ठेवली. साथीशी आणि तिच्या आर्थिक फटक्यांशी सामना. अत्यावश्यक काम करणाऱ्यांना ताशी १३ डॉलरपर्यंत जादा मोबदला. पाणी, सांडपाणी आणि ब्रॉडबँड. आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई. काही गोष्टींना सक्त मनाई: पेन्शन फंडात भर घालायची नाही, जुनं कर्ज फेडायचं नाही, अडीअडचणीची गंगाजळी भरायची नाही. आणि दोन तारखा. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करार होऊन पैसा बांधला गेला पाहिजे, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत तो खर्च झाला पाहिजे. मार्चअखेर बघितलेल्या मराठी वाचकाला यापुढचं अर्धं नाट्य समजावून सांगायला नको.

चौथ्या दाराची गंमत बघण्यासारखी आहे. पहिल्या तीन दारांतून जाताना प्रत्येक खर्चाचं साथीशी किंवा पाण्याशी नातं दाखवावं लागतं. चौथ्यातून जाताना फक्त ‘शासकीय सेवा’ एवढं सांगितलं की पुरे. शासन जे जे नेहमी करतं ते सगळं त्यात बसतं: रस्ते, पोलीस, ग्रंथालय, अग्निशमनाची गाडी. अहवालात या खर्चाचा क्रमांक ६.१. त्यातही जानेवारी २०२२ च्या नियमावलीने एक सवलत दिली. हिशेब करायचा नसेल तर करू नका, एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेलं उत्पन्न म्हणून सरळ धरा. बहुतेक लहान गावांना मिळालेली पूर्ण रक्कमच एक कोटीच्या आत होती. म्हणजे ती काल्पनिक वजाबाकी इतक्या सुंदर रीतीने मांडायची आणि नंतर बहुसंख्यांना ती माफ करायची! लेखकाने उत्तम प्रकरण लिहावं आणि संपादकाने ते परिशिष्टात टाकावं, तसं झालं. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र निर्णय शहाणपणाचा होता. जिथे गावाचा कारभार एक अर्धवेळ कारकून बघतो, तिथे चार वर्षांचे समांतर ताळेबंद कोण करणार?

याच नियमावलीत एक कलम असंही आहे की साथीचा सामना म्हणून नवा तुरुंग बांधणं, किंवा अर्थव्यवस्थेला चालना म्हणून संमेलनगृह आणि स्टेडियम उभारणं, हे सर्वसाधारणपणे चालणार नाही. वाचताना बरं वाटतं. पण ही आडकाठी पहिल्या दारापुरती आहे. अलाबामा राज्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्या तुरुंगांच्या १३० कोटी डॉलरच्या योजनेत या निधीतले ४० कोटी घातले, आणि त्यासाठी बुडालेल्या उत्पन्नाचं दार उघडंच होतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने संमेलनगृहाशेजारच्या समुद्रदर्शी आलिशान हॉटेलाकडे १४ कोटी वळवले. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीने बेसबॉलच्या मैदानासाठी सव्वा कोटीच्या आसपास रक्कम काढली. यातलं काहीही बेकायदा नव्हतं. एका दाराला कुलूप घालताना दुसऱ्या दाराची कडी सुटी ठेवली होती, एवढंच. मला यात भ्रष्टाचारापेक्षा रसभंग जास्त दिसतो. महासाथीच्या नावाने आलेल्या पैशाच्या यादीत हॉटेलातल्या स्पाला वाट सापडावी आणि त्या ओळीला आपल्या विसंगतीची जाणीवही नसावी, हे खटकतं. दुसऱ्या बाजूने हेही खरं की, त्या सैल दारामुळेच अनेक शहरांनी लोकांना कामावरून काढणं टाळलं. दार घट्ट केलं असतं तर हॉटेल अडलं असतं आणि त्यासोबत कचरा उचलणाऱ्याचा पगारही.

मोठ्या शहरांचा वाटा ज्या सूत्राने ठरला, ते मला या रचनेतलं सर्वांत बोलकं अंग वाटतं. नवं सूत्र बनवायला वेळ नव्हता, म्हणून १९७४ पासून चालत आलेल्या सामुदायिक विकास अनुदानाचं सूत्र उचललं. ते केवळ डोकी मोजत नाही. गरिबी मोजतं, घरांमधली गर्दी मोजतं, आणि वस्तीची वाढ इतरांच्या मागे किती राहिली, १९४० पूर्वीची घरं किती उरली, हेही मोजतं. म्हणजे जे शहर एके काळी मोठं होतं आणि नंतर ओसरलं, त्याच्या पदरात झुकतं माप पडतं. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सची वस्ती सोळा लाख, त्याला ३९.६ कोटी डॉलर मिळाले. डेट्रॉइटची वस्ती २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार, त्याला ८२.६७ कोटी. माणशी हिशेब केला तर साथीने जणू डेट्रॉइटला पाचपट गाठलं होतं. तसं काही नव्हतं, अर्थातच. पैसा साथीच्या नावाने आला, पण वाटणीच्या सूत्रात पन्नास वर्षांपूर्वीची दुखणी लिहिलेली होती. १९५० मध्ये डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख माणसं राहत होती. जुलै २०१३ मध्ये शहराने सुमारे १,८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराची ही सर्वांत मोठी दिवाळखोरी.

म्हणून या यादीच्या वाचनात मी सगळ्यांत जास्त वेळ डेट्रॉइटला देतो. (तिथल्या बऱ्याचशा भागाचे संसदेतले प्रतिनिधी श्री ठाणेदार हे बेळगावात वाढलेले मराठी गृहस्थ आहेत, ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मचरित्रामुळे आपल्याकडेही ठाऊक असलेले. पण हा निधी मंजूर झाला तेव्हा ते मिशिगनच्या विधिमंडळात होते, वॉशिंग्टनला गेले ते २०२३ च्या जानेवारीत. तेव्हा हे श्रेय त्यांच्या खात्यावर मांडायला जाऊ नये.)

डेट्रॉइटच्या तिजोरीला साथीचा फटका खरोखर बसला होता, त्यासाठी काल्पनिक रेषेची गरज नव्हती. शहराला जुगाराच्या तीन कसिनोंकडून मोठा कर मिळतो. ते मार्च २०२० मध्ये बंद झाले आणि ऑगस्टमध्ये अर्धवट उघडले. शहर उत्पन्नावरही कर घेतं: रहिवाशांकडून २.४ टक्के, बाहेरून कामाला येणाऱ्यांकडून १.२ टक्के. उपनगरातला कर्मचारी घरूनच काम करू लागला की शहराचा त्याच्यावरचा हक्क संपतो. त्यामुळे आलेल्या रकमेतली जवळजवळ निम्मी, सुमारे ४० कोटी, शहराने आपलं भगदाड बुजवायला ठेवली. तेव्हाचे महापौर माइक डगन दिवाळखोरीच्या वर्षातच निवडून आले होते. त्यांना दुसऱ्यांदा खड्ड्यात जायचं नव्हतं हे समजू शकतं. उरलेली निम्मी वस्त्यांच्या कामांना गेली, आणि वाचनाचा खरा आनंद तिथे आहे.

त्यातली एक ओळ छपरांची आहे. ‘रिन्यू डेट्रॉइट’ या नावाने शहराने सुरुवातीला तीन कोटी डॉलर बाजूला काढले, वृद्ध आणि दिव्यांग घरमालकांच्या घरांची छपरं आणि खिडक्या नव्या करून देण्यासाठी. ओळ साधी दिसते. तिच्या पात्रतेची अट वाचली की मजा कळते. अर्जदाराकडे मालमत्ताकराची गरिबांसाठीची सवलत आधीच असायला हवी. या अटीचा अर्थ उत्पन्नाच्या दाखल्यापुरता उरत नाही. २००८ नंतर डेट्रॉइटमध्ये घरांच्या किमती कोसळल्या, पण शहराच्या दप्तरातली मूल्यांकनं त्या वेगाने खाली आणलीच नाहीत. ‘द डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये दाखवून दिलं की २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा वसूल झाले. कर थकला म्हणून हजारो घरं जप्त झाली. ज्यांनी त्या काळात घर टिकवलं, त्यांच्याकडे छप्पर बदलायला काही उरलं नव्हतं. ज्या शहराने कराच्या रूपाने घेतलं, तेच शहर आता छपराच्या रूपाने परत देत होतं, आणि आपली करसवलतीची यादीच यासाठी वापरत होतं. कोणी हे मुद्दाम असं रचलं असेल असं नाही. कचेरीला हाताशी तयार यादी होती, म्हणून वापरली असेल. तरी वाचताना ती ओळ भारी होते.

छप्पर हे एकदाच आलेल्या पैशाचं अगदी योग्य काम आहे. एकदा घातलं की पंचवीस-तीस वर्षं बघावं लागत नाही. त्याला पगार नाही, पुढच्या वर्षीची तरतूद नाही. पैसा संपला तरी छप्पर राहतं. शिवाय गळतं छप्पर सगळ्याच्या आड येतं: हवाबंद खिडक्या, नवी वायरिंग यांसारखी इतर अनुदानं ओल्या घराला सहसा मिळत नाहीत. याच जातीची दुसरी ओळ तळघरांची. २६ जून २०२१ ला डेट्रॉइटवर ढगफुटी झाली, हजारो तळघरांत गटाराचं पाणी उलटं शिरलं. पैसा महिन्याभरापूर्वीच येऊन पडला होता. त्यातून शहराने सखल वस्त्यांतल्या घरांच्या गटारजोडण्यांना उलटा प्रवाह रोखणाऱ्या झडपा आणि पाणी उपसणारे पंप बसवायची योजना काढली. साथीचा पैसा पुराला लागला. काटेकोर लेखापरीक्षक भुवया उंचावेल, पण वाचकाला खटकत नाही.

आता डेट्रॉइटच्या यादीतली सर्वांत धाडसी ओळ, ‘शॉटस्टॉपर्स’. एक कोटी डॉलर. २०२३ मध्ये शहराने वस्तीवस्तीत काम करणाऱ्या काही संस्थांशी करार केले. प्रत्येकीला चार-एक चौरस मैलांचा टापू नेमून दिला. त्यांचे लोक त्याच गल्ल्यांतले, कधी काळी स्वतः त्या भानगडींत असलेले. ते तरुणांमध्ये फिरायचे, भांडण पेटायच्या आत मध्ये पडायचे. इथवर अमेरिकेतल्या इतर शहरांतही होतं. करारातली नवलाई पुढे आहे. दर तिमाहीला प्रत्येक संस्थेला १ लाख ७५ हजार डॉलर ठरलेले. शिवाय त्या टापूतला गोळीबार आणि खून उर्वरित शहरापेक्षा दहा टक्केबिंदूंनी जास्त घटले, तर बक्षीस म्हणून तेवढेच आणखी.

हा करार मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. नियमावलीतली ती न घडलेल्या जगाची वजाबाकी इथे वेगळ्या रूपात येते. संस्थेने काम केलं नसतं तर काय झालं असतं? याचं उत्तर कल्पनेतून न काढता शेजारच्या गल्ल्यांतून काढलं आहे. गुन्हे सगळ्या शहरातच घटले तर श्रेय मिळत नाही. इतरांपेक्षा जास्त घटले तरच मिळतं. मांडणी देखणी आहे. तिच्यात एक चीरही आहे. चार चौरस मैलांत तीन महिन्यांत गोळीबाराचे प्रसंग मुळात किती असणार? एका रात्री एका घरात झालेल्या भांडणाने तिमाही फिरते. एखाद्या संस्थेला बक्षीस मिळालं त्यात तिची मेहनत किती आणि नशीब किती, हे कराराला सांगता येत नाही. डेट्रॉइटमध्ये २०२३ साली २५२ खून झाले, १९६६ नंतरचा सर्वांत कमी आकडा, आणि २०२४ मध्ये २०३. पण त्याच दोन वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून घटत होते. महापौरांच्या भाषणात ‘शॉटस्टॉपर्स’ आणि हे आकडे एकाच श्वासात येणं साहजिक होतं. वाचकाने श्वास घेऊन वाचावं.

आणि ही ओळ छपरासारखी नाही. गल्लीत फिरणारा माणूस पुढच्या वर्षीही गल्लीत हवा. त्याचा पगार एकदाच आलेल्या पैशातून द्यायचा म्हणजे चांगलं काम सुरू करून त्याच्या शेवटाची तारीखही त्याच कागदावर लिहायची. डेट्रॉइटला ते ठाऊक होतं. काम चालू ठेवायला दुसरे पैसे शोधण्याची धडपड करार सुरू असतानाच चालू झाली.

या दुखऱ्या जागेचं सर्वांत स्पष्ट उदाहरण बॉस्टनच्या बसचं. महापौर मिशेल वू यांनी १ मार्च २०२२ पासून २३ आणि २९ या बसमार्गांवरचं भाडं बंद केलं आणि २८ वर आधीच बंद झालेलं भाडं बंदच ठेवलं. हे मार्ग मॅटापॅन, रॉक्सबरी, डॉर्चेस्टर अशा वस्त्यांतून जातात, जिथे गाडी नसलेली, लहान पगाराची, बव्हंशी काळी आणि लॅटिनो माणसं राहतात. दोन वर्षांसाठी ८० लाख डॉलर. त्यातली खोच अशी की बस शहराच्या मालकीची नाही, राज्याच्या परिवहन मंडळाची आहे. म्हणजे शहराने केंद्राकडून आलेला पैसा राज्याच्या मंडळाला दिला, प्रवाशाच्या खिशातून जे गेलं असतं ते भरून काढण्यासाठी. प्रवासी वाढले. सगळ्या दारांतून चढता येऊ लागल्याने चढणं सुटसुटीत झालं. २०२४ मध्ये त्याच निधीतल्या उरलेल्या पैशातून आणखी दोन वर्षं मिळाली.

रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीने या सगळ्या यादीत याहून लोकाभिमुख काम शोधून सापडणार नाही. आणि माझ्या कसाला ते उतरत नाही. लोकांना एका गोष्टीची सवय लावायची, ती सवय त्यांच्या महिन्याच्या खर्चात मुरू द्यायची, आणि तिच्यामागे संपणारा पैसा ठेवायचा, यात एक जुगार आहे. लोक इतके खूश होतील की पुढे भाडं परत लावायची कुणाची हिंमत होणार नाही, असा तो डाव. वू यांनी तो डोळसपणे खेळला असं मी मानतो. कसाला उतरत नाही म्हणून ती ओळ खोडावी असं मला एकदाही वाटलं नाही. कस माझा आहे, बस त्यांची आहे.

क्लीव्हलँडची गोष्ट लवकर सांगून टाकतो. त्या शहराला ५१ कोटींहून जास्त मिळाले. काही नागरिकांनी मागणी केली की त्यातले तीन कोटी आठ लाख कशावर खर्चायचे हे थेट लोकांच्या मतदानाने ठरवा. नगर परिषदेत लहान प्रमाणावरचा प्रयोगही नापास झाला; नंतर याच धर्तीची शहराच्या सनदेतली दुरुस्ती नोव्हेंबर २०२३ च्या मतपत्रिकेवर आली आणि थोडक्यात पडली. लोकांच्या नावाने आलेला पैसा लोकांनी वाटावा, हे अनेकांना आपल्याच लोकप्रतिनिधींनी वाटण्यापेक्षा जोखमीचं वाटलं. यावर हसावंसं वाटतं. पण परिषदेची वाटणी फारशी वाईट होती असंही म्हणता येत नाही.

आता टोलेडो. ओहायोमधलं हे शहर आणि त्याची लुकास काउंटी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं की या निधीतले प्रत्येकी आठ लाख डॉलर, म्हणजे मिळून सोळा लाख, एका सेवाभावी संस्थेला द्यायचे आणि तिने त्यातून लोकांची दवाखान्याची थकीत बिलं फेडायची. किती? २४ कोटी डॉलरपर्यंत. आकडा चुकलेला नाही. अमेरिकेत न वसूल होणारी बिलं रुग्णालयं गठ्ठ्याने वसुलीवाल्यांना विकतात, डॉलरला एखाद्या सेंटच्या भावाने. २०१४ मध्ये दोन माजी वसुलीवाल्यांनीच एक संस्था काढली, जी हे गठ्ठे विकत घेऊन माफ करून टाकते. शिकागोच्या कुक काउंटीने १ कोटी २० लाख डॉलर देऊन १०० कोटींपर्यंतच्या कर्जांना हात घातला. यात अर्ज नाही. पात्र माणसाला एक दिवस टपालात पत्र येतं की अमुक रुग्णालयाचं अमुक बिल आता तुमच्याकडे बाकी नाही. सरकारी मदतीच्या इतिहासात न मागता आलेली आणि पुढची कसलीच अट नसलेली पत्रं फार थोडी असतील. एकदाच आलेल्या पैशाने एकदाच करायचं काम म्हणून मी ही ओळ छपरांच्याही वर ठेवायचो.

मग एप्रिल २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासगटाने अशाच कर्जमाफीची पाहणी मांडली. काहींची बिलं माफ झाली, काहींची नाही, आणि दोघांची तुलना. सरासरीत माफी मिळालेल्यांची आर्थिक ओढाताण कमी झालेली दिसली नाही, मनःस्वास्थ्यही सुधारलेलं दिसलं नाही. विचार केला तर कारण त्या भावातच आहे. शंभर डॉलरचं बिल एका डॉलरला मिळतं, कारण ते कुणी फेडेल अशी बाजाराला आशाच नसते. जे आधीच मेलेलं होतं, ते माफ झालं. चोवीस कोटी हा आकडा डोळे दिपवतो. त्यामागचे सोळा लाख हीच त्याची खरी किंमत, असं आता मला वाटतं. तरी ज्याच्या नावावर ते बिल होतं, त्याच्यासाठी पत्राचा अर्थ सरासरीत सापडेलच असं नाही.

लहान गावांकडे वळलं की यादी एकदम आखूड होते. त्यांच्यासाठी कायद्यात एक मर्यादा होती, वाचताना ओठांवर हसू आणणारी: गावाला मिळणारी रक्कम त्याच्या जानेवारी २०२० च्या अंदाजपत्रकाच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पैसा डोक्यांवर वाटलेला, आणि काही गावांचा सगळा संसार इतका छोटा की डोक्यांवरचा पैसाच संसारापेक्षा मोठा होऊ लागला. काहींनी पैसा नाकारला. खातं उघडणं, ओळख क्रमांक घेणं, दर एप्रिलला अहवाल भरणं त्यांना जड गेलं असावं. घेतलेल्यांनी बहुतेक आपल्या नेहमीच्या गोष्टी घेतल्या: पाण्याची टाकी, बर्फ ओढायचं खोरं लावलेला ट्रक, सभागृहाला नवा हीटर.

यादीचा शेवटचा अंक २०२४ चा डिसेंबर. करार न झालेला पैसा परत जाणार होता, आणि कित्येक शहरांची उद्यानं, पादचारी मार्ग, घरबांधणीची कामं नकाशांवरच होती. तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनी एक अदलाबदल केली. उद्यानाचं काम निधीतून काढलं. त्या जागी आधीच होऊन गेलेले पोलीस-अग्निशमनचे पगार घातले, कारण ते ६.१ मध्ये आरामात बसतात. पगारांसाठी ठेवलेले शहराचे स्वतःचे पैसे त्यामुळे मोकळे झाले, आणि उद्यान सावकाश त्यातून बांधायला ठेवलं. पूर्णपणे नियमात, आणि एका अर्थी कौतुकास्पद चतुराई. पण वाचकाची पंचाईत होते. यादीत दिसतात ते पगार, प्रत्यक्षात होतं ते उद्यान. उलटही घडलेलं असणार: यादीत छान उद्यान, आणि त्यामुळे मोकळा झालेला पैसा कुठे गेला त्याचा यादीत पत्ता नाही. हॉटेलची ओळ निदान स्वतःच्या नावाने छापली गेली होती.

त्यामुळे या याद्या सुट्या वाचून भागत नाही. त्या त्या वर्षाचं शहराचं साधं अंदाजपत्रक शेजारी उघडून, पगाराचे रकाने कुठे अचानक हलके झाले ते बघत वाचावं लागतं. अडीच लाखांहून मोठ्या वस्तीच्या शहरांना दर वर्षी ३१ जुलैला सविस्तर अहवाल देणं बंधनकारक होतं, त्यांच्या बाबतीत हे जमतं. डेट्रॉइटचे अहवाल तर वाचनीयच आहेत. त्याखालच्या गावांवर ती सक्ती नव्हती. तिथे बहुतेकदा ६.१ समोर एक रक्कम आणि अर्धा वाक्यांश एवढंच मिळतं, आणि पुढची चौकशी त्या गावाच्या कारकुनालाच विचारून करावी लागते.